लेन्सखालची मटकीची पिशवी

मी पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे हो! बिकानेरजवळ जोडबीडच्या माळावर जीपच्या खिडकीत पोट टेकून बसते ना, ती. माझ्या पोटावर फोटोवाले आपली भलीथोरली लेन्स ठेवतात, म्हणजे हात हलत नाही आणि गरुड धूसर येत नाही. फोटोखाली नाव मात्र त्यांचं. असू दे!

जन्माने मी कोजारामच्या जुन्या जीन्सचा उजवा पाय. डाव्याचं लादी पुसायचं फडकं झालं, त्यामानाने मी नशीबवान. कोजारामच्या बायकोने, धापूने, मला शिवलं, तोंडाला चेन लावली आणि घरची मटकी ठासून भरली. तेव्हापासून मी अशी गरगरीत.

कोजाराम आधी आपल्या काकांच्या, काकोसांच्या, दुकानात भुजिया तळायचा. हात कढईवर आणि डोळे आभाळात. घाणेच्या घाणे करपायचे. शेवटी झारा टाकून त्याने जीप घेतली आणि पाहुण्यांना शिकारी पक्षी दाखवू लागला. हौस दांडगी, ओळख मात्र यथातथा. पाहुण्याने विचारलं, "हा सोनेरी गरुड का रे?" की हा म्हणणार, "तोच तो, साहेब!" एकदा तर सगळे मिळून लांबच्या एका पालथ्या मडक्याचे फोटो काढत बसले होते. मला कळत होतं, पण पिशवीला विचारतो कोण?

पाहुणे चिडून जायला लागले. तेव्हा काकोसांनी बजावलं, "या हिवाळ्यात एक तरी पाहुणा तुझ्यावर खूश होऊन जाऊ दे. नाहीतर होळीच्या आधी मी स्वतः न्यायला येईन. मुकाट कढईपुढे बसायचं." कोजारामने मान डोलावली खरी, पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

हिवाळ्यातल्या शेवटच्या पाहुण्या कोलकात्याच्या सुदेष्णादी. डोक्याला माकडटोपी आणि जीभ तिखट. त्यांना हवा होता लग्गड ससाणा, तोही सांडा पकडताना. सांडा म्हणजे इथल्या बिळांतला जाडजूड सरडा. पहिल्याच सकाळी कोजारामने बोट दाखवलं, "बाईसा, पिंगट गरुड!"

"पिंगट? अरे, त्याच्या तोंडाची फट बघ. डोळ्याच्या पार मागे गेलीय. हा गवताळी गरुड. पिंगटाची डोळ्याखालीच थांबते. थापा मारू नकोस, नीट बघ."

कोजारामने कान पकडले. मग मात्र तो खरोखर बघायला शिकला. खांबाखाली पांढरी शीट दिसली की थांबायचं. चंडोल एकदम गप्प झाले की वर पाहायचं. तरी लग्गड काही दिसेना. उद्या सुदेष्णादी जाणार आणि उद्याच काकोसा येणार.

त्या संध्याकाळी धापूने सुदेष्णादींना जेवायला आणलं. पाहुणी गावातून उपाशी गेली तर धापूला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण डब्यात डाळ नाही! तिची नजर खुंटीवर गेली. खुंटीवर मी! चेन सर्रकन उघडली आणि माझ्या पोटातल्या मटकीची बाजरी घालून खिचडी झाली. वर तुपाची धार. सुदेष्णादींनी तीनदा घेतली. "वा! काय चव आहे!" माझंच पोट ते, कौतुक ऐकून रडू की हसू कळेना. धापूने मला घडी घालून पुन्हा खुंटीवर लटकवलं, आणि सकाळी घाईत कोजारामने न बघताच जीपमध्ये फेकलं.

ऊन तापलं. चंडोल गप्प झाले. कोजारामने हळूच ब्रेक दाबला.

"बाईसा, त्या खेजडीच्या झाडावर. डोळ्याखालची काळी मिशी बघा, बारीक आहे! जाड असती तर बहिरी ससाणा. हा लग्गडच!"

"शाब्बास रे! पिशवी दे, पिशवी!"

त्याने मला उचललं. मी फडक्यासारखी लोंबले. लादी पुसणारी बहीण आठवली.

"अरे, ही रिकामी? माझे हात थरथरतात रे! काहीतरी भर, लवकर!"

समोर ससाणा मान वाकडी करून बिळाकडे बघत होता. कोजारामने इकडेतिकडे पाहिलं नाही. डोक्यावरचा साफा काढला आणि माझ्यात कोंबला. लेन्स टेकली. ससाणा झेपावला. खट खट खट! सुदेष्णादी नाचायच्याच बाकी होत्या. कोजारामच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या आनंदात आपलं डोकं उघडं आहे याचं त्याला भानच राहिलं नाही.

भान आलं ते धापूला. नवरा उघड्या डोक्याने दारात! घरातलं कुणी गेल्याशिवाय इथे बाप्या माणूस असा येत नाही. आणि काकोसा अजून पोचले नव्हते. तिने हंबरडाच फोडला, "काकोसा गेले हो!" शेजारणी घुंगट ओढून धावल्या. "किती हलक्या हाताने तळायचे!" म्हणून गळा काढला. कोजारामचं बोलणं ऐकतंय कोण?

एवढ्यात टेम्पोतून काकोसा उतरले. त्यांनी एका म्हातारीला विचारलं, "कोण गेलं?"

"कोजारामचे काकोसा."

"अरेरे!" म्हणाले आणि मग थबकले. "म्हणजे मी?"

रडणं जागच्या जागी थिजलं. काकोसा कोजारामवर गरजले, "मी जिवंत असताना साफा उतरवलास?" त्याने डोक्याला हात लावला आणि तो पांढराफटक पडला. सुदेष्णादींनी पुढे होऊन कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. लग्गडच्या पंजात सांडा. साफा कुठे गेला तेही सांगितलं.

काकोसांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला. "भट्टीपुढे घामाने निथळायचास. काढून ठेव म्हटलं तरी साफा काढला नाहीस. आज पाखरासाठी काढलास." त्यांनी कॅमेरा परत दिला. "तू आता माझ्या दुकानाचा नाहीस रे पोरा." आणि त्याच्या डोक्यावर बांधायला ते स्वतःचा साफा सोडू लागले.

"नको हो काकोसा!" धापू ओरडली. "पुन्हा रडावं लागेल!"

तिने पेटीतला लग्नातला साफा आणला. काकोसांनी तो आपल्या हाताने कोजारामला बांधला.

जुना मात्र माझ्यातच राहिला. सुदेष्णादींनी दोनदा आठवण करून दिली, पण कोजाराम म्हणाला, "असू द्या, बाईसा, तिथे बरा आहे." तेव्हा जोडबीडला आलात तर या. लेन्स खुशाल ठेवा, हवं तर कोपर टेका. फक्त चहाचा कप ठेवू नका माझ्यावर. आत माणसाची इज्जत आहे.