सालनबाई

सीतारामकाकांच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावर क्यूआर कोड होता, पण तो कुणी उघडत नव्हतं. स्कॅन केलं की फोनवर आधी कुठल्याशा परक्या कंपनीचं आडनिडं नाव उमटायचं, आणि आजकाल असल्या नावावर बोट ठेवण्याइतकं भोळं कुणी राहिलेलं नाही. खरं तर त्यामागे एक साधं पान होतं. काकांच्या पत्नी शालनताईंनी सांगितलेल्या सात भाज्या, त्यांच्याच शब्दांत. ‘वांग्याचा देठ टाकू नका, टाकायचाच असेल तर वांगं कशाला आणलंत,’ अशा थाटात. शालनताई जाऊन आठ महिने झाले होते. वाघोलीतल्या नवव्या मजल्यावर काका आता एकटेच त्यांच्या वहीत बघून मसाला भाजत.

वरच्या मजल्यावर राहणारी कादंबरी आयटीत होती. रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. “काका, आपण स्वतःचं डोमेन घेऊ, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता. कोड त्याच्यावर वळवला की स्कॅन केल्यावर कंपनीचं नाही, आपलंच नाव दिसेल.”

“म्हणजे लोकांच्या फोनवर हिचं नाव येईल?”

“हो, सगळ्यात आधी तेच.”

काकांना एवढंच हवं होतं. आठ महिन्यांत त्या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये ‘काकू फार चांगल्या होत्या’ म्हणत आणि आपापल्या मजल्यावर उतरून जात.

पण नुसतं शालन हे नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं निघालं. कादंबरीने पुढे फूड्स लाव, मसाले लाव, असं काय काय करून पाहिलं. काका स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, “सालनबाई बघ बरं. एस, ए, एल.”

“एच राहिला, काका.”

“राहू दे.”

त्या एचची गोष्ट अशी. चौतीस वर्षांपूर्वी गॅसच्या पुस्तकावर कारकुनाने शालनबाईतला एच गाळला आणि इंग्रजीत सालनबाई करून ठेवलं. दुरुस्तीसाठी शालनताईंनी तीन खेपा घातल्या. मग शेजारच्या हैदराबादी बाईंनी सांगितलं, आमच्याकडे सालन म्हणजे रस्सा. शालनताई हसून हसून खाली बसल्या. “मग काय चुकलं हो त्या बिचाऱ्याचं?” म्हणाल्या, आणि चौथी खेप घातलीच नाही. तेव्हापासून घरात दोघंच असली की काका बाहेरून हाक मारायचे, “सालनबाई, आहे का काही?” आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, “सालन संपलं. उद्या या.”

कादंबरीने एचवालं आणि बिनएचचं, दोन्ही नावं घेऊन ठेवली. “छापायच्या आधी काय ते ठरवा,” म्हणाली. “एकदा पाकिटांवर कोड छापला की नाव बदलता येणार नाही.”

बुधवारी बंगळुरूहून लेकीचा, उत्कर्षाचा, फोन आला. “बाबा, आईच्या नावाचं स्पेलिंग चुकीचं घालताय? लोक काय म्हणतील?” काकांनी तिला सगळं सांगितलं, गॅसचं पुस्तक, कारकून, हैदराबादी बाई. उत्कर्षाने नीट ऐकून घेतलं. “छान आहे,” म्हणाली, “पण हे लोकांना कसं कळणार?” लेकीचं काही चुकत नव्हतं. त्या गमतीला दोन माणसं लागत होती आणि त्यातलं एकच उरलं होतं, हे मात्र काकांना सांगता सांगता लख्ख कळलं. त्यांना फार एकटं वाटलं. “बघतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी कसबा पेठेतल्या छापखान्यात मालकांनी दोन नमुने पुढे सरकवले. कोडखाली बारीक अक्षरांत नाव होतं, एकात एच, एकात नाही. काकांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग बिनएचच्या नमुन्यावर सही केली.

“अहो, हे चुकलेलं आहे,” मालक म्हणाले.

“हो. चुकलेलंच द्या.”

“चूक मागून नेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. नंतर आमच्या नावाने खडे फोडू नका म्हणजे झालं.”

शनिवारी छापील पाकिटं घरी आली. सोमवारी संध्याकाळी कादंबरी लॅपटॉप उघडूनच आत शिरली. “काका, दोन दिवसांत एकतीस स्कॅन,” ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष ओट्याकडे गेलं. पाकिटांचे गठ्ठे तसेच रचलेले होते. एकही दुकानात गेलं नव्हतं. वरचं एक तेवढं सुटं होतं, त्याच्याशेजारी काकांचा फोन. तिने लॅपटॉप हळूच मिटला.

“तपासून बघत होतात का?”

“हो. लागतंय का ते बघत होतो.”

“मग? लागतंय ना?”

“लागतंय की,” काका म्हणाले. “आतून उत्तर येत नाही, एवढंच.”