अंजनेरीसाठी बूट

२००४ साली संजनाने अंजनेरीच्या डोंगरावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव दिलं. बूट घ्यायला निघाली तेव्हा सासूबाई, सुलाबाई, आपणहून सोबत आल्या. दुकानदाराने मऊ गुलाबी बूट पुढे केले, पण संजनाला खोल खाचांचा तळ हवा होता, आणि उतारावर बोटं दाबली जाऊ नयेत म्हणून एक नंबर मोठा.

"असले फक्त पुरुषांत मिळतील, मॅडम."

"मग तेच दाखवा."

काळे दणकट बूट घालून ती दुकानाच्या पायऱ्या धावत उतरली. परत आली तर सुलाबाई दुसऱ्या एका जोडात हात घालून बघत होत्या.

"आई, घालून बघा ना."

"मला कशाला गं? शेतात झेंडू तोडायला चपला लय झाल्या."

तरी नऊवारी जरा वर धरून त्यांनी बूट घातले, आरशापर्यंत चालून आल्या आणि काढेचनात. संजनाने दोन्ही जोड घेतले.

शर्यतीत ती शेवटून तिसरी आली. अर्ध्या डोंगरावर नवे बूट घालून सुलाबाई उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला, पुरुषांनासुद्धा, ओरडून सांगत होत्या, "उताराला जपून गं, पोरी!"