घरचा हलवा

"तोंडाला जर आलाय तुझ्या. निनादचे पापे घेऊ नकोस," असं शैलाताईंनी मला सांगितलं होतं. मी घेतले. जिथं जिथं घेतले, तिथं त्याच्या अंगावर हलवा उगवला.

शैलाताई माझ्या थोरल्या नणंद. जर म्हणजे ताप उतरताना ओठाच्या कोपऱ्यात येतात ते पाण्याचे फोड. निनाद माझं बाळ; त्याला इसब आहे, त्याचे गाल कायम सोलल्यासारखे असतात.

"उष्णतेचा आहे, ताई. मी बीएस्सी केलंय," मी म्हणाले होते.

"बीएस्सीला पापे होते का गं अभ्यासाला?"

मी हसले आणि त्यांच्यादेखत त्याच्या गालाला ओठ लावले.

पहिला दाणा त्याच गालावर आला. पांढरा, गोल, मध्ये जरासा खोलगट. सकाळी त्याला काटा फुटला होता. मी तो नखानं काढला. आतून पाक आला, आणि पाक जिथं ओघळला तिथं नवे दाणे धरले. मग मी काढणं थांबवलं. त्याच सुमारास माझ्या ओठावरचा जर वाळून पडला आणि माझ्या बोलण्यातला 'तर' नाहीसा झाला. "जर डॉक्टरांना दाखवलं," मी आरशासमोर म्हणून बघायचे. पुढचं यायचंच नाही. डॉक्टर विचारणार, घरात कुणाच्या तोंडाला आला होता?

बोरन्हाण ठरलेलं होतं. आत्यानं आणायचे हलव्याचे दागिने मी शैलाताईंना आणू दिले नाहीत. म्हटलं, घरीच केलेत. तोवर दाणे गळ्याभोवती, मनगटांवर, कपाळावर आपापल्या ओळीत लागले होते. मी फक्त वरून काळं झबलं घातलं.

"अगंबाई, काय काटा आलाय!" बायका म्हणाल्या. "आच कशी ठेवलीस?"

"मंद."

ते खोटं नव्हतं. त्याचं अंग शेगडीवरच्या परातीसारखं लागत होतं.

"रडत कसा नाही गं हा?"

"शहाणा आहे," मी म्हणाले. त्याचे कोपर वाकत नव्हते. पाटावर त्याला ठेवलं तसा तो राहिला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. बोरं दाण्यांवर आपटून टणटण वाजली. प्रत्येक आवाजासरशी मी जरा मोठ्यानं हसत होते.

पोरं खाऊ वेचायला तुटून पडली. खालच्या मजल्यावरच्या रेवतीची कावेरी रांगत पाटापाशी आली. तिचेही गाल निनादसारखेच, लाल, खरबरीत; दोघांना मलमसुद्धा एकच. तिनं निनादच्या मनगटावरचा एक दाणा उपटला आणि तोंडात घातला.

"लबाडे, दागिना खाल्लास!" रेवती म्हणाली आणि पदरानं तिच्या हनुवटीवरचा पाक दोन्ही गालांवर पुसला.

मी ते पाहिलं. मी तिळगूळ वाटत राहिले.

सगळ्या गेल्यावर शैलाताई दागिने उतरवायला बसल्या. त्यांनी मानेमागे गाठ चाचपली. मग मनगट उलटं करून पाहिलं.

"दोरा कुठाय गं?"

मी पाटाखालची बोरं गोळा करू लागले.

"अगं, दोरा कुठाय?"

"नाहीये."

मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी निनादला उचललं. "चप्पल घाल," एवढंच म्हणाल्या.

त्या भराभरा जिना उतरल्या. रेवतीच्या दाराशी मी थांबले. आत फरशीवर काहीतरी बारीक घरंगळत होतं.

"बेल दाब! सांग तिला!" खालून ताई ओरडल्या.

मी बोट पुढं केलं. बटण भिंतीत मागं सरकलं. मी हात कोपरापर्यंत आत घातला; बटण आणखी मागं गेलं. मी हात काढून घेतला आणि खाली उतरले.

"सांगितलंस?"

"हो."

आता निनाद दवाखान्यात आहे. सलाईन थेंब थेंब पडतंय, हलव्यावर पाक सोडतात तसं. त्यानं माझं बोट धरलंय आणि त्याची मूठ साखरेनं त्यावर चिकटली आहे, त्यामुळं मला उठता येत नाही. शैलाताई बाहेर औषधांच्या रांगेत आहेत. त्या परत आल्या की माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "रेवती काय म्हणाली?" मी म्हणते, "बघते म्हणाली."

मोकळ्या हातानं मी रेवतीला फोन लावते. ती म्हणते, "हॅलो, निनाद कसाय गं?" मी म्हणते, "जर." ती थोडा वेळ वाट बघते आणि फोन ठेवते.

तुमची वाक्यं पुरी होतात. म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून तिचं दार आहे. तुमच्या बोटाला बेल सापडेल. आत गेल्यावर माझं नाव घेतलंत तरी चालेल. कावेरीला खिडकीशी न्या, गाल उजेडाकडं वळवा, नीट बघा. एखादा पांढरा दाणा, मध्ये खोलगट, दिसला जर