बोटीने जाऊन आलेली कोयती

मी कोयती बोलतेय. नाव ऐकून बिचकू नका. गवत, काटक्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या सोडून मी आजवर काही कापलेलं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यातून मला घडवलं. म्हणजे मी जन्मानेच भंगार. ठमाबाईच्या नवऱ्याने मला घेतलं. तो गेल्यावर मी तिच्या कमरेच्या लाकडी आकडीत येऊन बसले. ठमाबाई डोंगराकडेच्या वाडीवरची. मोळ्या विकून भागेना, तेव्हा ती हरेशशेठच्या गोदामात प्लास्टिक निवडायला लागली. माझ्या पाठीने तुकडा ठोकायचा आणि आवाजावरून त्याची जात सांगायची, हे तिचं कसब. गोदामात दुसऱ्या कुणाला ते साधलं नाही.

निवडलेल्या मालाचे गठ्ठे दाबून बोटीने परदेशी जायचे. इथेच का वितळवत नाहीत, हे मला कधी कळलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते भंगारालाही लागू असावं.

एकदा परदेशी गिऱ्हाईक गोदाम पाहायला येणार होतं. शेठ माल निवडणाऱ्या बायकांना म्हणाले, "कमरेच्या कोयत्या काडा. बरा नाय दिसत." ठमाबाईने मला बाटल्यांच्या ढिगावर ठेवलं. पाहुणे आले, घाईघाईत मशीन सुरू झालं आणि ढिगाबरोबर मीही गठ्ठ्यात दाबली गेले.

समुद्रापार गठ्ठा फोडला, तर प्लास्टिकमध्ये लोखंड. अख्खा कंटेनर परत. मला पारदर्शक पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवली, फोटो काढला. ठमाबाईने मला कधी इतकं जपलं नव्हतं.

शेठने सगळ्यांसमोर पिशवी वर धरली. "कोनाची हाय ही? जिची आसंल तिचा काम आजपासून बंद."

सगळ्यांच्या कोयत्या सारख्याच. ती गप्प राहिली असती तर काम वाचलं असतं. मला तेच हवं होतं. तिने हात पुढे केला.

"माजी हाय. माज्या घोवाची."

"मंग ढिगात कशी गेली?"

"तुमीच सांगितलात ना, कोयती काड म्हनून. कमरेला आसती तर कशाला गेली आसती?"

शेठनी परत आलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. ते घ्यायला आता बाहेर कुणी तयार नव्हतं, आणि उकलून नीट निवडायला ठमाबाईशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. "उकल," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर गोदामातच प्लास्टिक दळून, धुऊन दाणे पाडणारं मशीन आलं. त्यात काय घालायचं ते ठमाबाई ठरवते. त्या दाण्यांपासून बनलेल्या बादल्या जवळच कामोठ्याच्या दुकानांत विकायला आल्या. एक तिनेही घेतली. तिच्यातल्या पाण्याने दगड भिजवून ती मला धार लावते.

धार लावून लावून मी अर्धी उरलेय. ठमाबाई, मी मोडले तर मला खुशाल मोडीत घाल. पण कळंबोलीच्या पुढे पाठवू नको. इथला लोहार माझं पुन्हा काहीतरी करेल. मी लांब जाऊन आलेय. तिथे माझा नुसता फोटो काढला.