मे महिन्याचे युनिट

संघपाल गजभिये गच्चीच्या कठड्याशी उकिडवे बसून मोजपट्टीचं टोक धरून होते. दुसऱ्या टोकाला मैत्रेयी होती, गुरुग्रामच्या एका सोलर कंपनीची इंजिनिअर. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, आता मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी. हरियाणातल्या पटौदीसारख्या गावात दारावर मराठी आडनाव दिसल्याबरोबर ती मराठीत सुरू झाली होती आणि अडेल तिथे हिंदीचा हात धरत होती.

"काका, रूफ एकदम क्लिअर आहे. सावली कुठेच नाही. तीन किलोवॉट आरामात बसेल."

"एक पुरे," गजभिये म्हणाले. "आमचा वापरच नाही."

हे वाक्य ते चार वर्षं, म्हणजे दिल्लीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन इथे घर बांधल्यापासून, भेटेल त्याला ऐकवत आले होते. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या घरी वीज आली तेव्हा ते दहावीत होते. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की अजूनही त्यांचा जीव वरखाली होई. सरलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या रे पडल्या की मागे खट्कन बटण वाजायचं. दोन वर्षांपूर्वी मुलाने, चैतन्यने, झोपायच्या खोलीत एसी बसवून दिला. त्यावर कापडी खोळ चढली ती पाहुणे आले तरच निघे. सोलरचं ठरलं त्या दिवशी सरलाबाईंनी एकदाच विचारलं होतं, "आता तरी एसी लावता येईल ना?"

"बघू," गजभिये म्हणाले होते. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे चौतीस वर्षांच्या संसारात सरलाबाईंना पाठ झालं होतं.

खाली जेवणाच्या टेबलावर गजभियेंनी विजेच्या बिलांची फाइल आणून ठेवली. गेल्या बारा महिन्यांचा वापर बघून पॅनेल किती लावायची ते ठरतं, असं मैत्रेयीने सांगितलं होतं. फाइल दाखवायची संधी मिळाली म्हणून गजभिये खुशीत होते. ती एकेक बिल उलटत गेली.

"ऐंशी, शहात्तर, ब्याऐंशी... काका, तुम्ही इथेच राहता ना? म्हणजे, बंद घराचं रीडिंग असं येतं."

गजभियेंना ही शाबासकीच वाटली. "दोघं राहतो. बारा महिने."

"अच्छा. पण ही अकराच आहेत. मे महिन्याचं नाहीये."

गजभियेंच्या फाइलमधून कागद गहाळ होणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी चष्मा पुसून फाइल दोनदा चाळली. सरलाबाई चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"टेन्शन नका घेऊ. नंबर टाकला की मोबाइलवर निघतं." मैत्रेयीने बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकला आणि मोबाइल टेबलावर सरकवला. पडद्यावर बारा काळे पट्टे उभे होते. अकरा बुटके आणि मधला एकच उंच.

"मे, दोनशे ऐंशी," ती म्हणाली.

"शक्य नाही. मीटर बिघडलं असणार. आजच तक्रार करतो." गजभिये पेन शोधू लागले.

"गेस्ट असतील हो. काकू, मेमध्ये घर फुल होतं का?"

सरलाबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"नाही. मी एकटीच होते."

गजभियेंचा हात थांबला. मे महिन्यात थोरल्या भावाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते पंचवीस दिवस भंडाऱ्याला होते. रोज संध्याकाळी फोन करत, जेवलीस का आणि दिवे बंद केलेस का, एवढं विचारत. दोन्हींचं उत्तर 'हो' असे.

"एसी लावायचे," सरलाबाई कप मांडता मांडता म्हणाल्या. "आणि व्हरांड्यातला दिवा ठेवायचे चालू. बिल माझ्या शिवणाच्या पैशातून भरलं. कागद फाडून टाकला."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. गजभियेंच्या तोंडाशी बरंच काही आलं. तीन महिन्यांची वीज पंचवीस दिवसांत, आणि वर फोनवर धडधडीत खोटं. मैत्रेयीला आपण भलतंच काही विचारून बसलो असं वाटलं. तिने घाईने मोबाइल जवळ ओढला.

"हा मंथ सोडून देऊ ना, काका. अ‍ॅव्हरेज बाकीच्या अकरांचं घेते. एक किलोवॉट बिल्कुल पुरतं."

"थांब जरा," गजभिये म्हणाले.

त्यांनी मोबाइल परत आपल्याकडे घेतला. बुटके अकरा पट्टे ते घरात असतानाचे होते. बंद घराचं रीडिंग, असं ही मुलगी म्हणाली होती, आणि ते आपल्याला कौतुक वाटलं होतं. त्यांना लाज वाटली. चारचौघांत वाटते तशी नव्हे. बायकोसमोर अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, त्यामुळे कुठे बघावं तेही कळेना.

"रात्री किती वाजेपर्यंत लावायचीस?" त्यांनी विचारलं.

"सकाळपर्यंत."

"झोप लागायची?"

"छान लागायची."

गजभियेंनी चहाचा एक घोट घेतला. मग मोबाइल मैत्रेयीसमोर ठेवून त्या उंच पट्ट्यावर बोट टेकवलं.

"बेटा, हा धर. वर्षभर असाच वापर राहील असं समजून काढ."

"बाराही महिने? मग तीन लागतील, काका. कॉस्ट पण वाढेल."

"वाढू दे."

मैत्रेयीने फॉर्मवरचा एक खोडून तीन लिहिला. सरलाबाई अजून उभ्याच होत्या.

"पण तुम्हांला एसी सोसत नाही," त्या म्हणाल्या.

"पांघरूण घेईन," गजभिये म्हणाले.