तीस सेकंदांचं आवतण

बेंबळीच्या योगीराज गोंधळ्याला टीव्हीवर जायची हौस नव्हती, असं तो स्वतः सांगतो. बेंबळीत त्यावर कुणाचा विश्वास नाही. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या निवडीला जाताना त्यानं झब्ब्याला दोनदा इस्त्री करून घेतली होती. तरी खरं बोलायचं तर तो गेला थोरल्या भावासाठीच.

थोरला बलभीम नायक होता, म्हणजे गोंधळात पुढं उभा राहून गाणारा. योगीराज मागं संबळ वाजवायचा. बलभीमच्या घशात गाठ निघाली, आवाज जाणार असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी दोघांनी सोलापूरच्या स्टुडिओत आठ पदं भरून घेतली. नाव ठेवलं ‘जागर बेंबळीचा’. आवाज गेला, अल्बम मोबाइलवर आला. चार महिन्यांत तीनशे वेळा ऐकला गेला, त्यातल्या निम्म्या वेळा बलभीमच्या बायकोनं, दैवशालानं. आता योगीराज नायक झाला आणि संबळ बलभीमच्या कमरेला आलं.

“टीव्हीवर एकदा नाव निघू द्या वहिनी, समदा महाराष्ट्र ऐकंल दादाला.”

“निघू द्या की. आमी कुठं न्हाय म्हणतो,” दैवशाला म्हणाली. “फकस्त नाव लौकर घ्या. तुमी बोलाया लागलाव की पाव्हणे जेवून घरला जात्यात.”

मुंबईत त्याला सिनेमातलं गाणं दिलं. ते त्यानं झकास म्हटलं. मग सूत्रसंचालक पोरीनं माइक पुढं केला. तीस सेकंद, नव्या अल्बमबद्दल सांगा.

आता गोंधळ्याची रीत अशी, की तोंड उघडलं की आधी देवांना आवतण. देव येऊन बसल्याशिवाय आपलं काही मांडायचं नाही. योगीराजनं डोळे मिटले. तुळजापूरच्या भवानीला बोलावलं, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडोबाला. मग गावातले भैरोबा, म्हसोबा; उगीच कुणी रुसायला नको. मग वडलांचं नाव. मग “माझा थोरला भाऊ, त्याचा आवाज...” इथं त्याचाच गळा दाटला आणि वेळ संपली. पोरीनं डोळे टिपले, टाळ्या पडल्या.

कार्यक्रम लागला तेव्हा त्यातले देव सगळे कापले होते. राहिला होता तो दाटलेला गळा, त्याखाली रडकी बासरी आणि घशाला पट्टी बांधलेल्या बलभीमचा फोटो. दुखणं साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आवाज कुणी ऐकला नाही.

दैवशालानं टीव्ही बंद केला.

“भावजी, तेहतीस कोटींना आवतण दिलंत. घरचा तेवढा राह्यला.”

योगीराजला मान वर करवेना. बलभीमनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण त्याच्याकडं आता तीही नव्हती.

टीव्हीचा उपयोग होत नाही असं मात्र म्हणता यायचं नाही. तुळजापुरात एका लॉजवाल्यानं फीत कापायला बोलावलं. एसटीत लोक उठून जागा देऊ लागले, खेटून फोटो काढू लागले. अल्बमचं नाव काढलं की म्हणत, “ऐकू की, निवांत.” तीनशेचे सव्वातीनशे झाले.

भूमला एका लग्नघरचा गोंधळ होता. योगीराजनं मनाशी ठरवलं होतं, आज आवतण झालं की अल्बमचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि दादाचं पहिलं पद म्हणायचं. अजून आवतणच चाललं होतं, तोच नवऱ्या मुलाचा मामा उठला.

“योगीराजबुवा, देव पोचले समदे. आता टीव्हीवालं होऊ द्या.”

मांडव हसला. योगीराजनं मागं वळून पाहिलं. दादानं नुसती मान हलवावी, एकदा नको म्हणावं, म्हणजे आपल्यालाही नको म्हणता येईल.

बलभीमनं संबळाच्या टिपऱ्या उचलल्या आणि त्या सिनेमातल्या गाण्याचा ठेका धरला. बिनचूक, मधल्या थांब्यासकट. योगीराजनं तो त्याला कधी शिकवला नव्हता. घरात एकटा बसून, तोच कार्यक्रम परत परत लावून त्यानं तो हातात बसवला असणार.

योगीराजला मग गावंच लागलं.