दोन सूर्यांची रोवणी

माझी नात दुर्गेश्वरी सात दिवस खोलीत बसून धानाची रोवणी करत होती. हो, खोलीत. आमच्या तिरोड्याकडं अख्खं रोवण तीन दिवसांत उरकते, अन् ही एका चित्रापायी सात दिवस खपली. नागपूरच्या एका कंपनीत नोकरीसाठी ते पाठवायचं होतं, सातव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत.

तिचा बाप हेमेंद्र चित्र पाहून म्हणाला, "वा! एकदम असली!" माझाच पोरगा आहे, पण पायाला चिखल कधी लागू दिला नाही त्यानं. त्याला सगळंच असली वाटते.

मी चष्मा लावला.

"ह्या बाया कोणत्या गावच्या, बाई?"

"काऊन, आजी?"

"रोवलेले पऱ्हे ह्यांच्या पाठीमागं अन् समोर रिकामा चिखल. रोवणारी मागं मागं सरकते. ह्या तं आपलेच रोप तुडवत चालल्या! असल्या बायांना मी नऊ वाजताच घरी धाडलं असतं. अन् बायांची सावली इकडं, बांधावरच्या मोहाची तिकडं. तुझ्या गावात दोन सूर्य निघून राहिले का?"

पोरीचं तोंड उतरलं. मग समजावत बसली. बाया अन् धानाची बांधी थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या केल्या, तिथं ऊन-सावली ते सॉफ्टवेअरच पाडते. तयार चित्र मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं अन् तोंडं, लुगडी, मोहाचं झाड पेनानं वरून रंगवलं. म्हणजे एका सुतारानं चौकट केली, दुसऱ्यानं दार, अन् माप कोणीच विचारलं नाही.

"रोपं समोर आणली तं रेंडर पुन्हा करावं लागते, अख्खं चित्र सॉफ्टवेअरकडून नव्यानं काढून घ्यावं लागते. तीन तास. वरचं रंगवलेलं अर्धं वाया जाते, आजी."

"जाऊ दे वाया."

"राहू दे ना, माय," हेमेंद्र मधे बोलला. "नागपूरवाल्यांना काय समजते?"

"तुले समजलं नाही म्हणून कोणालेच समजणार नाही का?"

पोरगी उठली. मला आंगणात नेलं, डाव्या हातात गवताची जुडी दिली अन् वाकायला लावून मोबाइलवर फोटो काढले. दुपारभर मग तिनं जेवणाचं ताट शिवलं नाही. सहाला दहा मिनिटं असताना चित्र गेलं. सूर्य एकच होता, मी तपासला.

चार दिवसांनी नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. मी दाराआडून ऐकत होते. साहेब हिंदीत म्हणाला, "बाकी ठीक है, लेकिन बीचवाली बूढ़ी अम्मा का झुकना एकदम सच्चा है. किसको देखकर बनाया?"

"मेरी आजी."

मी? जन्मभर छत्री घेऊन बांधावर उभी राहणारी मी, मजुरांच्या रांगेत?

पोरगी बाहेर आली, डोळ्यांत पाणी. "आजी, लागली नोकरी!"

"ते मंग. मले रांगेत कायले उभी केली?"

"बांधावर उभं राहून रोवणी कशी दिसन?"

चित्र पुन्हा मागून घेतलं. माझी ओळ सगळ्यांत सरळ होती, तेवढी अक्कल होती म्हणायची. पण लुगडं पोपटी! असा रंग मी लग्नातही नेसले नाही. बदल म्हटलं, तं म्हणते चित्र गेलं आता.

"कंपनीचं गेलं. माझं बदल, मंगच बॅग भर."

तेव्हापासून पोरगी पुन्हा खोलीत बसून आहे.